उजवा हात हॅमरचा, डावा भट्टीचा

पाद्र्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, ही बातमी हॅमरवाल्याला दूधवाल्याने दिली. हॅमरवाल्याला कमी ऐकू यायचं. दूधवाल्याला ती पुन्हा सांगावी लागली, मग आणखी मोठ्याने, आणि शेवटी हॅमरवाल्याआधी सगळ्या जिन्याला कळली.

"जाऊन या," बायको म्हणाली. "आणि तिथे ओरडू नका. आजाऱ्याचं घर आहे."

"मी कुठे ओरडतो?" तो ओरडला.

पाद्री खरा पाद्री नव्हता. फोर्जिंगच्या कारखान्यात, हॅमर खात्यात, तो सांडशीवाला होता. पाद्री हे नाव खात्याने चेष्टेने ठेवलं आणि त्याने ते छातीवर बिल्ला लावावा तसं लावून घेतलं. भेटेल त्याला येशूबद्दल सांगायचं, हा त्याचा ध्यास. नवीन माणूस खात्यात आला की जुने लोक त्याला आधी आगीपासून सावध करायचे आणि मग पाद्र्यापासून.

"काय पाद्री, स्वर्गात जागा आहे का?" पाळी सुटताना कोणीतरी विचारायचंच.

"तुझ्यासाठी धरून ठेवलीय. पण आंघोळ करून ये."

लोक हसायचे. तोही हसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

हॅमरवाला आणि पाद्री यांची जोडी होती. आवडीने नव्हे, कामाने. तापलेला तुकडा भट्टीतून निघायचा तो साखळीला टांगलेल्या मोठ्या सांडशीत. पाद्री तो ऐरणीवर आणायचा, फिरवायचा, मागेपुढे सरकवायचा. हॅमरवाला बाजूच्या कट्ट्यावर उभा राहून दांडा ओढायचा आणि वरून घण पडायचा. असे घण खात्यात ओळीने होते. कानात बोळे घातले तरी दात वाजायचे. तिथे तोंडाचा उपयोग फक्त श्वास घ्यायला. म्हणून सगळा कारभार हातावर. एक बोट वर, म्हणजे हलका ठोका. मूठ, म्हणजे पूर्ण. तळवा आडवा, म्हणजे थांब.

आणि उजवा हात हॅमरचा, डावा भट्टीचा. पाद्र्याच्या उजवीकडे हॅमरवाला, डावीकडे भट्टीवाला. ज्याचा हात त्याने बघायचा. भट्टीवाल्याला केलेल्या खुणेवर एकदा एका नवख्याने दांडा ओढला होता. त्यानंतर ऐरणीवर काय राहिलं, ते खात्यात पुन्हा कोणी बोललं नाही. हॅमरवाला ते बघून शिकला. पाद्र्याच्या डाव्या हाताकडे बघायचं नाही, तो हलला तरी नाही, हे त्याने डोळ्यांना असं शिकवलं की पुढे शिकवावं लागलं नाही. त्याच्या लेखी पाद्र्याला एकच हात होता.

तुकडा गार झाला की परत भट्टीत जायचा. तो तापेपर्यंत जोडी मोकळी. बाकीचे या वेळात पाणी प्यायचे, पाठ टेकायचे. पाद्री डावा हात सांडशीवर ठेवून उजव्याने गोष्ट सांगायचा. होडीसाठी तळवा डोलवायचा. मेंढरासाठी कानाशी बोट वळवायचा. कारखान्याचा मालक फेरीला निघाला की खात्यात एक खूण फिरायची, सगळ्यांना सावध करायला: दोन बोटं कपाळाला, टोपीच्या कडेला लावल्यासारखी. पाद्र्याने ती खूण उचलली आणि देवाला दिली.

लोखंड तापलं की गोष्ट तिथेच बंद. वादळात होडी बुडायला आली असली तरी बंद. हॅमरवाल्याला त्याच्यातली हीच गोष्ट पटायची. बोलायच्या नादात पाद्र्याने कधी तुकडा जाळला नाही, आणि समोरचा दमलेला दिसला तर हात उचललाही नाही. येशूबद्दल त्याचं काय म्हणणं आहे ते हॅमरवाल्याने कधी फारसं मनावर घेतलं नाही, पण माणूस कामाचा होता. कामाचा माणूस हॅमरवाल्याला ओळखता यायचा.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं कायम वाजायचं. द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. मालक सकाळी माणसं कामाला लावतो, दुपारी आणखी लावतो, आणि अगदी ऊन उतरताना चौकात रिकामे उभे असलेल्यांनाही बोलावतो. मग मजुरी वाटताना सगळ्यांना सारखीच.

"हा कसला मालक?" हॅमरवाला गेटबाहेर आल्यावर विचारायचा. "दिवसभर उन्हात राबला त्याला तेवढीच आणि शेवटी हात लावला त्यालाही तेवढीच?"

"तेवढीच."

"मग सकाळी कोण येईल?"

"मी येईन."

"तू येशील. तू वेडा आहेस. आपल्या खात्यात असं केलं तर दुसऱ्या दिवशी एक घण पडणार नाही."

"अरे, पुढचं ऐक तरी..."

"पुढचं नको. मजुरीत घोळ आहे तिथे मी पुढचं ऐकत नाही."

खात्यातही तसंच. गोष्ट मजुरीपाशी आली की हॅमरवाला मान फिरवून दांड्याकडे बघत बसायचा. पाद्री समोर हात हलवत राहायचा, आणि मग लोखंड तापायचं.

मेहनतीचा हिशेब हॅमरवाला चोख ठेवायचा, आणि त्या हिशेबात पाद्री कधी मागे नव्हता. रविवारी उपासना झाली की तो पायी सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात जायचा. एकेका खाटेपाशी थांबून विचारायचा, "एक गोष्ट सांगू का?" कोणी भिंतीकडे तोंड केलं तर म्हणायचा, "बरं, मग नखं कापून देऊ का?" आणि खिशातून नेलकटर काढायचा. भट्टीने भाजलेल्या त्या राठ बोटांनी तो लोकांची नखं अशी कापायचा की झोपलेला जागा होत नसे.

त्रासही द्यायचा. हॅमरवाल्याच्या पुतणीच्या लग्नात त्याने नवऱ्यामुलाच्या मामाला खांबामागे गाठलं आणि वाढपी हाका मारून दमले तरी सोडलं नाही. घरी आल्यावर हॅमरवाल्याची बायको म्हणाली, "तुमच्या त्या दोस्ताला पुन्हा बोलावलंत तर त्याच्या शेजारी तुम्हीच जेवायला बसा, एकटे." लोक त्याला बघून रस्ता बदलायचे. ते त्याला दिसायचं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना हात करायचाच.

निवृत्त व्हायच्या सुमारास हॅमरवाल्याने त्याला एकदा सरळ विचारलं होतं, "एवढी वर्षं घसा फोडलास. माल किती निघाला? एक तरी माणूस आला का?"

पाद्री बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला, "ते मला काय माहीत? मी सांडशीवाला. धरायचं काम माझं. ठोकणारा दुसरा आहे."

"हे उत्तर झालं का?"

"नाही झालं," पाद्री म्हणाला. "दमलोय आज. उद्या देतो." ते उत्तर राहूनच गेलं.

हॅमरवाला पोचला तेव्हा पाद्र्याची खोली माणसांनी भरली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या. लोखंडी खाट खिडकीशी होती आणि मंडळी तिच्याभोवती. चर्चचे पाळकसाहेब तरुण होते; जागरणाने त्यांचे डोळे सुजले होते. मंडळीतली एक मावशी प्रार्थना म्हणत होती. तिचा आवाज एवढा खणखणीत की हॅमरवाल्यालासुद्धा ऐकू आला.

पाद्र्याच्या बायकोने, वहिनीने, त्याला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं.

"काय?" हॅमरवाला म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत नाही वहिनी, जरा मोठ्याने."

मग वहिनीला ते मोठ्याने म्हणावं लागलं. "भावजी, प्रार्थना सुरू झाली की यांचा हात चालतो. डावा. मारायला उचलल्यासारखा. लोक म्हणायला लागलेत, जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं आणि शेवटी स्वतःच तोंड फिरवलं."

मावशी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"तसं कोणी मनापासून म्हणत नाही," पाळकसाहेब म्हणाले. पण कोणी म्हणालंच नाही, असं काही ते म्हणाले नाहीत.

वहिनीने हॅमरवाल्याची बाही धरली. "खात्यात तुम्हीच यांच्या हाताचं ऐकायचात. काय म्हणतात ते बघा. काय असेल ते सांगा. मला कळलं पाहिजे."

हॅमरवाला खाटेच्या उजव्या अंगाला बसला. ती त्याची जागा. पाद्री त्याच्याकडे बघत होता. ओळख होती डोळ्यांत, एवढं नक्की. प्रार्थना पुन्हा सुरू झाली. हॅमरवाल्याने पाद्र्याच्या उजव्या हातावर डोळे लावले. तो हात चादरीवर काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा पडला होता. बोट नाही, मूठ नाही, तळवा नाही. पलीकडे काहीतरी हलत होतं, वरखाली, वरखाली. हॅमरवाल्याचे डोळे तिकडे गेले नाहीत.

प्रार्थना संपली तेव्हा तो उठला. "काही म्हणत नाही तो, वहिनी. नुसता हात उडतोय. शीर उडते तसा."

"डॉक्टरही तेच म्हणाले," पाळकसाहेब म्हणाले.

वहिनी रिकामे कप गोळा करून आत गेली.

"मग आता आपणच प्रार्थनेने धरून ठेवायचं त्यांना," मावशी म्हणाली आणि खुर्ची खाटेजवळ ओढली. हॅमरवाला जिना उतरून रस्त्यावर आला तरी तिचा आवाज मागून येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो गुडघ्याची गोळी घ्यायला बसला. उजव्या हातात गोळी. समोरच्या पेल्यात बायको पाणी ओतत होती. पेला भरत आला तसा त्याने डावा तळवा आडवा केला. ती थांबली.

तो तळव्याकडे बघत राहिला.

"आता काय?" बायको म्हणाली.

"तू का थांबलीस?"

"तुम्हीच थांब म्हणालात."

"मी डावा हात केला."

"मग? उजव्यात गोळी आहे ना तुमच्या." तिने तांब्या खाली ठेवला. "काय होतंय तुम्हाला? चक्कर येतेय का?"

हॅमरवाल्याने गोळी पेल्याशेजारी ठेवली आणि उठून चपला शोधू लागला.

"अहो, गोळी!"

"आल्यावर," तो म्हणाला. गोळी न घेता जिना उतरणं किती जड जातं ते त्याला पहिल्याच पायरीला कळलं, पण तो परत फिरला नाही.

खोलीत कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. पाद्र्याला काही कळत नाही असं ठरल्यावर कोणी आवाज राखत नव्हतं. हॅमरवाला माणसांतून वाट काढत खाटेच्या डाव्या अंगाला गेला. तिथे बसलेल्याला त्याने खांद्याला धरून उठवलं आणि बसला.

डोळे ऐकेनात. एवढ्या वर्षांची शिस्त. ते सारखे घसरून उजवीकडे जात होते. त्याने आपला एक तळवा डोळ्याशी आडोशासारखा धरला, तेव्हा कुठे डावा हात नीट दिसला.

तळवा आडवा. थांब.

मग दोन बोटं मागे ओढलेली, भट्टीवाल्याला करायची खूण. तुकडा गार झाला, परत आत घ्या.

पुन्हा तळवा आडवा. दर वेळी हात थोडा कमी उचलला जात होता.

चालत्या घणाखाली माणूस तळवा आडवा धरून उभा आहे आणि दांड्यावरचा गडी बघतच नाही. दांड्यावर कोण होता, तेही हॅमरवाल्याला माहीत होतं.

"थांबा!" तो ओरडला.

सगळा आवाज तुटला. पाद्र्याचा हात आपसूक चादरीवर आला आणि तिथेच राहिला.

"तो थांब म्हणतोय," हॅमरवाला म्हणाला. "कालही म्हणत होता. माझं चुकलं. मी उजवा बघत बसलो, आणि उजवा तर गेलाय."

वहिनी दारात उभी होती. ती दोन पावलं पुढे आली. "म्हणजे प्रार्थना नको म्हणतात?"

मावशीने पाळकसाहेबांकडे बघितलं.

"तसं नाही," हॅमरवाला म्हणाला. त्याला बोलायची सवय नव्हती आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "खात्यात थांब म्हणजे काम नको, असं नाही. लोखंड गार झालं की ठोका घालायचा नसतो. तडा जातो. परत भट्टीत ठेवायचं आणि गप्प राहायचं. तेवढंच म्हणतोय तो. दमलाय. मागं घ्या म्हणतोय."

पाद्र्याबद्दल दमलाय असं या खोलीत कोणी म्हटलं नव्हतं. तो दमतो, हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पाळकसाहेब खुर्चीत मागे टेकले. "मीही दमलोय," ते म्हणाले, आणि जरा लाजले. मग त्यांनी हळूहळू सगळ्यांना उठवलं, बाहेर नेलं. मावशी सगळ्यात शेवटी गेली. जाताना तिने पाद्र्याच्या पायावरची चादर सारखी केली.

वहिनी मात्र हलली नाही. "भावजी, त्यांना विचारा. अजून त्यांचा देवावर... आहे का."

"मी जे दिसेल तेच सांगणार, वहिनी. नाही म्हणाला तर नाही सांगेन."

"सांगा."

हॅमरवाल्याने दोन बोटं कपाळाला लावली, आणि मग तळवा उघडून पुढे केला. खात्यात असं विचारायचे: मालक कुठे?

पाद्री बघत राहिला. एवढा वेळ बघत राहिला की वहिनीने खाटेची कड धरली. मग डावा हात निघाला. दोन बोटं कपाळापर्यंत पोचलीच नाहीत, गालापाशी थांबली. पण खूण तीच होती. नंतर हात खिडकीकडे वळला आणि सूर्य वर आणू लागला.

"झालं," हॅमरवाला म्हणाला. "हीच गोष्ट सापडली याला."

"कुठली?"

"ती द्राक्षमळ्याची. मजुरीच्या घोळाची."

सकाळ. माणसं कामाला. दुपार. आणखी माणसं. हात मध्ये मध्ये चादरीवर पडून विसावा घ्यायचा आणि पुन्हा निघायचा. सूर्य खाली आला. एक माणूस उभा, रिकामा. मालक: ये. मग मजुरी, सगळ्यांना सारखी. इथे हॅमरवाल्याची मान सवयीने फिरू लागली. पण इथे दांडा नव्हता, बघायला भिंत होती फक्त. त्याने मान परत आणली.

हाताने पुन्हा सूर्य खाली आणला. एक माणूस उभा केला. आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

हॅमरवाल्याने मान हलवली. नाही. त्याने स्वतःच्या हाताने सूर्य वर आणला आणि पाद्र्याकडे बोट केलं. तू सकाळचा.

पाद्र्याचं बोट छातीवरून उठलं, संध्याकाळ दाखवून परत छातीवर आलं.

"अरे, तू सकाळचा!" हॅमरवाल्याचा आवाज चढला. "खात्यात सगळ्यांच्या आधी तू. वॉर्डात तू. लोक तोंड फिरवायचे तरी तू. संध्याकाळचा कसला? मी बघितलंय ना सगळं!"

पाद्र्याच्या तोंडाची जी अर्धी बाजू अजून हलत होती ती हलली. तो हसत होता. मग त्याने तळवा आडवा केला.

हॅमरवाला थांबला. त्या तळव्यापुढे तो नेहमीच थांबला होता, आदला दिवस सोडला तर.

"हेच म्हणायचे ते," वहिनी मागून म्हणाली. या वेळी मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं. "शेवटी बोलावलेला तो मीच, आणि एवढं मिळालं म्हणून गप्प बसवत नाही. तुम्हीच पुढचं कधी ऐकून घेतलं नाहीत." डोळे पुसत ती खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

पुढचे दिवस खोलीत शांतता होती. पाळकसाहेब यायचे आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायचे. हॅमरवाला दुपारी येऊन डाव्या बाजूला बसायचा. हात फारसा उचलला जात नव्हता, आणि त्याला उचलायला लावायचं कारणही उरलं नव्हतं. वहिनीने नवऱ्याच्या खिशातलं नेलकटर काढून दिलं तेव्हा हॅमरवाल्याने पाद्र्याची नखं कापली. पाद्र्यासारखी जमली नाहीत. एका बोटाला लागलंच.

पाद्री एका सकाळी गेला. खोलीत वहिनी एकटीच होती.

स्मरणसभेत पाळकसाहेबांनी हॅमरवाल्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. जुन्या खात्यातले काही लोक मागच्या बाकांवर आले होते, रस्ता बदलणारेही. हॅमरवाला उभा राहिला. समोर येशूचा क्रूस, बाजूला वहिनी, आणि हातांना धरायला काही नाही.

"तो सकाळी यायचा," तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून. "मी शेजारी होतो. त्याचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं, ते वहिनींना विचारा. मला त्या मालकाचा हिशेब अजून पटलेला नाही. पण त्याने शेवटपर्यंत तोंड फिरवलं नाही. हे मी बघितलंय."

तो बसला. वहिनी समोर बघत होती आणि तिची मान ताठ होती.

सभा संपल्यावर पाळकसाहेबांनी हात धरून विचारलं, "रविवारी याल?"

"जिने फार आहेत तुमच्याकडे," हॅमरवाला म्हणाला.

"एकही नाही. सपाट आहे सगळं."

"हो का?" तो म्हणाला. त्याने येताना बघितलं नव्हतं.

बसथांब्यावर कोणी नव्हतं. ऊन उतरलं होतं. बाक रिकामा होता, पण हॅमरवाला लगेच बसला नाही. थोडा वेळ नुसता उभा राहिला, हात रिकामे सोडून. मग गुडघ्यांनी पुरे म्हटलं, आणि तो बसला.